डेंग्यूत ताप उतरल्यावरच रक्तवाहिन्या का गळतात? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाची गेल्या महिन्यात डेंग्यूने ॲडमिट होती. आता ठणठणीत आहे, त्यामुळे औषधाचा सल्ला नकोय. डोक्यात एक किडा वळवळतोय, तेवढा काढून द्या.

पाचव्या दिवशी ताप उतरला. आम्ही खुशीत, मी मऊ भात आणायला घरी निघालो. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "खरं लक्ष आता ठेवायचंय." आमचं अख्खं घर प्लेटलेट मोजत होतं (पपईच्या पानांचा रसही झाला), डॉक्टर मात्र पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, तो आकडा) बघत होते. तो ३८ चा ४७ झाला होता. पाणी वाहिन्यांबाहेर गेलं म्हणून रक्त दाट झालं, एवढं त्यांनी सांगितलं. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली, पोटात थोडं पाणी. दोन दिवसांत सगळं आपोआप थांबलं.

भाची बारावी सायन्सला आहे. ती विचारते, वाहिनी फुटली नाही तर पाणी गेलं कुठून? फुटली असेल तर दोन दिवसांत सांधली कशी? आणि ॲलर्जीत सुटणाऱ्या हिस्टामाइनने सूज येते ना, मग ॲलर्जीची गोळी का नाही दिली? नेटवर शोधलं तर व्हीईजीएफ, एस१पी, सायक्लिक एएमपी अशी अक्षरांची भेळ मिळाली. यातलं उघडतं कोण, बंद करतं कोण?

आगाऊ धन्यवाद.

सूक्ष्मदर्शी:
भाचीला शाबासकी द्या. वाहिनी फुटत नाही, सांधे सैल होतात. आतल्या पेशी फरशीसारख्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि व्हीई-कॅडहेरिन हे प्रथिन त्यांना एकमेकींशी धरून ठेवतं. हिस्टामाइन आलं की पेशीत कॅल्शियम वाढतं, आतले तंतू आखडतात, सांधा उसवतो. मायनो आणि पलादे या संशोधकांनी १९६१ मध्ये उंदरांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या फटी दाखवल्या. गंमत म्हणजे त्या केशिकांत (सगळ्यात बारीक वाहिन्यांत) नव्हत्या, केशिकांच्या पुढच्या बारीक शिरांत होत्या.

व्हीईजीएफ हे प्रथिनही उघडणाऱ्यांतलंच. १९८३ मध्ये गिनीपिगांच्या ट्यूमरमुळे पोटात साठलेल्या पाण्यात ते सापडलं, तेव्हा त्याला नावच 'वाहिन्या झिरपवणारा घटक' अशा अर्थाचं दिलं होतं. नव्या वाहिन्या वाढवण्याचं त्याचं काम नंतर कळलं.

बंद करणारे म्हणजे तांबड्या पेशींकडून सतत मिळणारं एस१पी हे स्निग्ध द्रव्य, अँजिओपोएटिन-१ हे प्रथिन आणि पेशीच्या आत निरोप पोचवणारं सायक्लिक एएमपी. भिंत एकदा बांधली की झालं असं नाही, ती चोवीस तास बंद धरून ठेवावी लागते. धरणारे कमी पडले किंवा उघडणारे वाढले की झिरपायला लागतं.

डेंग्यूत दोन्हीकडून मार बसतो. विषाणूचं एनएस१ प्रथिन वाहिनीचा आतला साखरेचा लेप खरवडतं, शिवाय आपल्याच प्रतिकारपेशी टीएनएफसारखी रसायनं ओततात. ताप उतरतो तेव्हा विषाणू कमी होत असतो, पण ही धुमश्चक्री ऐन भरात असते. एकट्या हिस्टामाइनला अडवून काय होणार? जोर ओसरला की सांधे पुन्हा जुळतात.

चहाबाज:
आमच्या काकांचा ओठ ब्लडप्रेशरच्या गोळीने असाच टम्म सुजला होता. ॲलर्जीचं इंजेक्शन देऊनही उतरेना. नंतर कळलं की हे ब्रॅडिकायनिनचं काम, म्हणजे वाहिन्या झिरपवणाऱ्या शरीरातल्याच दुसऱ्या एका रसायनाचं. त्या जातीच्या गोळ्या ब्रॅडिकायनिन मोडणारं एन्झाइमच अडवतात.

धागाकर्ता:
वा, फरशीचं उदाहरण भाचीला पटलं. आता कबुली देतो: सातव्या दिवशी नर्सने सलाईन कमी केलं, तेव्हा "पोरीला अजून अशक्तपणा आहे" म्हणून मी वॉर्डात आवाज चढवला होता.

सूक्ष्मदर्शी:
नर्सचं बरोबर होतं. सांधे जुळले की पोटातलं पाणी रक्तात परत येऊ लागतं. तेव्हा सलाईन तसंच जोरात चालू ठेवलं असतं तर फुप्फुसात पाणी साठू शकलं असतं. सलाईन कमी केलं त्या सुमारास भाचीला वारंवार लघवीला लागलं असेल, विचारून बघा.

धागाकर्ता:
विचारलं. सलाईनचा स्टँड ढकलत रात्रभर फेऱ्या मारत होती म्हणते. पेठा आणायला हवा नर्ससाठी.