मदत हवी आहे: ‘शेरलॉक ज्युनियर’ (1924) कोणत्या वेगाने दाखवावा?

बस्टर कीटनचा हा मूकपट दाखवायचा आहे, साथीला प्रत्यक्ष हार्मोनियम. प्रोजेक्टर 60 हर्ट्झचा (सेकंदाला 60 वेळा चित्र दाखवणारा), फाइल सेकंदाला 24 फ्रेमची, आवाज नसलेली.

24 वर चॉकलेटच्या खोक्याचा प्रसंग वाया जातो. कीटन किमतीतल्या 1 चा 4 करतो, पण आकडा नीट दिसायच्या आत शॉट संपतो. प्रतिस्पर्ध्यावर कुरघोडी करायची त्याची सगळी धडपड त्या एका रेघेत आहे, ती दिसायलाच हवी!

टाइमस्टॅम्प, म्हणजे फाइलमधली प्रत्येक फ्रेम दाखवायची वेळ, 1.2 ने गुणून वेग 20 केला. 60 हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा पडते, त्यामुळे झटके नाहीत. 22 वर येतात. फाइलमध्ये जुळ्या फ्रेम (24 भरायला दोनदा टाकलेल्या) नाहीत, एकेक फ्रेम सरकवून तपासलंय. पण 20 वर मोटरसायकलचा पाठलाग पार ढेपाळतो. ते शॉट पडद्यावर वेगवान दिसावेत म्हणून मुद्दाम कॅमेऱ्याचा क्रँक (हँडल) हळू फिरवून घेतलेले वाटतात.

म्हणून सुरुवातीचा भाग 20 वर, पाठलाग 24 वर ठेवून 60 फ्रेमची एकच फाइल करायचा विचार आहे. महागडं सॉफ्टवेअर नको. वेग कुठे बदलावा म्हणजे खटकणार नाही: कीटन झोपून स्वप्न सुरू होतं तिथे, की थेट पाठलागाआधीच्या कटवर?