'बॉक्सेस आर लेस' : कमी, अपुरं आणि इनफ

रावेरहून :
आमचा केळीचा धंदा. परवा कंटेनर लागला आणि १५० बॉक्स कमी पडले. पुतण्याने समोरच्या व्यापाऱ्याला इंग्रजीत मेसेज टाकला, 'बॉक्सेस आर लेस.' दोन मिनिटांत उलट प्रश्न आला, 'लेस दॅन व्हॉट?' पोरगा मला विचारतो, "काका, कमी म्हणजे लेसच ना?" मी हो म्हणालो खरा, पण मग मलाच शंका आली. अशा वेळी नेमकं काय लिहायचं असतं?

अमळनेरहून :
राम राम भाऊ. पुतण्याला रागावू नका, घोळ आपल्या 'कमी'ने केलाय. 'यंदा कापूस गेल्या वर्षापेक्षा कमी निघाला' म्हणताना आपण दोन वर्षं शेजारी ठेवतो. 'भाजीत मीठ कमी आहे' म्हणताना शेजारी दुसरी भाजी नसते, माप असतं जिभेचं. मराठीत दोन्हीकडे 'कमी' चालतो आणि ऐकणारा काय ते ओळखतो. इंग्रजीतला 'लेस' फक्त पहिल्या कामाचा. तो आला की ऐकणारा 'दॅन'ची वाट बघत बसतो. म्हणून तुमच्या व्यापाऱ्याचा प्रश्न रास्त होता. गरजेच्या मानाने कमी असेल तर 'नॉट इनफ' म्हणा. नाहीतर मोजता येणाऱ्या वस्तूला 'टू फ्यू' आणि मीठ-पाण्यासारख्या गोष्टीला 'टू लिटल'. भाजीचं म्हणाल तर घरातला इंग्रज 'इट नीड्स सॉल्ट' एवढंच म्हणेल.

आता 'इनफ' बसतो कुठे ते बघा, कारण शाळेत मी सगळ्यात जास्त लाल शाई यावरच खर्च केली. नामाच्या आधी : 'इनफ वॉटर'. विशेषणाच्या मागे : 'डीप इनफ'. आपण 'विहीर पुरेशी खोल नाही' म्हणतो, 'पुरेशी' आधी. त्यामुळे पोरं हमखास लिहितात, 'द वेल इज नॉट इनफ डीप'. हवं 'नॉट डीप इनफ'.

चोपड्याहून :
सर, बॉक्स मोजता येतात. मग 'लेस' नको, 'फ्यूअर' हवं ना?

अमळनेरहून :
तरी 'दॅन' सुटत नाही! 'बॉक्सेस आर फ्यूअर' लिहिलं असतं तर व्यापाऱ्याने 'फ्यूअर दॅन व्हॉट' विचारलं असतं. बाकी हा लेस-फ्यूअरचा नियम फार जुना नाही. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने 'मला इथे फ्यूअर बरं वाटतं' अशा बेताने लिहिलं, पुढे मास्तर लोकांनी त्याचा कायदा केला. टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने २००८ मध्ये थोड्या वस्तू घेणाऱ्यांच्या काउंटरवरच्या 'टेन आयटेम्स ऑर लेस'च्या पाट्यांवरून उठलेला वाद टाळायला 'अप टु टेन आयटेम्स' करून टाकलं. परीक्षेत नियम पाळा, पण यावरून भांडू नका.

त्यापेक्षा 'फ्यू' आणि 'अ फ्यू' सांभाळा. 'फ्यू बॉक्सेस' म्हणजे जवळजवळ नाहीतच, 'अ फ्यू बॉक्सेस' म्हणजे आहेत थोडेफार. 'लिटल' आणि 'अ लिटल'चंही तेच. आपल्याकडे हे काम एकटा 'च' करतो. 'टाकीत थोडं पाणी आहे' ऐकलं की माणूस आंघोळीला जातो. 'थोडंच पाणी आहे' ऐकलं की टॉवेल परत दोरीवर टाकतो.

धुळ्याहून :
मी बँकेत होतो. चेक परत जाताना मेमोवर कारण क्रमांक ०१ असतो, 'फंड्स इनसफिशियंट'. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ मध्येही 'इनसफिशियंट' हाच शब्द आहे. पण हा कागदावरचा शब्द. खात्यात ९,८०० आणि चेक १०,००० चा, तर बोलताना 'ही इज टू हंड्रेड रुपीज शॉर्ट'. आपणही काउंटरवर 'दोनशे शॉर्ट आहेत' असंच म्हणतो की. तुमच्या पुतण्याला सांगा, 'वी आर वन हंड्रेड अँड फिफ्टी बॉक्सेस शॉर्ट.' गंमत अशी, की मराठीत बॉक्स कमी पडतात आणि इंग्रजीत आपण.

आणखी एक, अर्जांमध्ये फार दिसतं. 'ही लॅक्स ऑफ एक्सपीरियन्स' चूक. 'लॅक' क्रियापद असेल तर 'ऑफ' नको, नाम असेल तर हवा.

साक्रीहून :
'कमी'चं झालं, पण आपण तर जास्त करून 'पुरत नाही' म्हणतो. आमच्या अहिराणीत 'पानी पुरत नही'. याला इंग्रजीत एक शब्द मिळेना. 'सफाइस' आहे, पण तो कोणी बोलताना ऐकला नाही.

अमळनेरहून :
मिळणार नाही, कारण आपलं 'पुरणं' फार पसरलेलं आहे. दोर विहिरीत सोडला आणि पाण्याला टेकला नाही, तर आपण म्हणतो दोर पुरला नाही. तिथे इंग्रजी 'रीच' मागते : 'द रोप डझन्ट रीच', किंवा 'इज टू शॉर्ट'. पगार २० तारखेला संपला, पुरला नाही. तिथे 'लास्ट' : 'इट डिडन्ट लास्ट द मंथ'. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी आहे, वांगी भाजून झाली, आणि दहाच्या जागी अठरा माणसं आली. कळण्याच्या भाकरी पुरणार नाहीत. तिथे 'देअर वोन्ट बी इनफ टु गो राउंड', म्हणजे पंगतभर फिरणार नाहीत. लांबीला एक, काळाला दुसरा, वाटपाला तिसरा. म्हणून 'पुरत नाही' भाषांतर करायला घेतलं की आधी स्वतःला विचारावं : कुठपर्यंत पुरत नाही, कधीपर्यंत, की कोणाकोणाला?

यावलहून :
सर, मग पावसाच्या बातमीतलं 'डेफिशियंट' यात कुठे बसतं? मागे आमच्याकडे सरासरीच्या १५ टक्के कमी पाऊस होता, तरी हवामान खातं म्हणे 'नॉर्मल'. इकडे बागेला पाणी पुरेना.

अमळनेरहून :
त्यांचं माप सरासरीशी. १९ टक्क्यांपर्यंतची घट त्यांच्या लेखी 'नॉर्मल', २० ते ५९ टक्के घट झाली की 'डेफिशियंट'. म्हणजे तुमचा पाऊस 'लेस दॅन अ‍ॅव्हरेज' होता, 'डेफिशियंट' नव्हता, आणि केळीला मात्र 'नॉट इनफ'. तिन्ही खरं. केळी सरासरी विचारत नाही.

रावेरहून :
धन्यवाद मंडळी. 'वी आर वन हंड्रेड अँड फिफ्टी बॉक्सेस शॉर्ट' पाठवला. लगेच उत्तर आलं, 'बाय व्हेन?' उद्या पहाटे कटिंग लावली आहे. चार मजूर शॉर्ट आहेत, पण ते मुकादमाला मराठीतच सांगितलं.