थेट रिअ‍ॅक्ट? आधी बटण तरी नीट लावा!

अर्धविराम: काल कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं, "एचटीएमएल-सीएसएसमध्ये वेळ घालवू नका, थेट रिअ‍ॅक्ट उचला, सहा महिन्यांत कन्सल्टिंग सुरू." अहो, एचटीएमएल-सीएसएस म्हणजे वेबपेजचा पाया, रिअ‍ॅक्ट म्हणजे त्यावर बसणारी तयार कोडची लायब्ररी! वाचून डोकंच सणकलं. असाच एक 'थेट'वाला मध्यंतरी इंटरव्ह्यूला आला होता. म्हटलं, माउस बाजूला ठेव आणि तुझाच फॉर्म भरून दाखव. टॅब दाबून दाबून थकला, सबमिटवर काही पोचेना. पठ्ठ्याने बटणाच्या जागी डिव्ह, म्हणजे नुसता रिकामा डबा, ठेवून त्यावर ऑनक्लिक डकवलेलं; माउसने चालतं, टॅबला सापडतच नाही! रिअ‍ॅक्ट आलं २०१३ला. त्याआधी लोक काय पाटीवर लिहीत होते?

थेटवाला: तो 'कुणीतरी' मीच. कॉम्प्युटरशी संबंध नसलेला माणूस मी. तीन महिने एचटीएमएलचे टॅग घोकले आणि कंटाळून सोडलं. वर्षभराने रिअ‍ॅक्ट धरलं, पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवर काहीतरी हललं, म्हणून टिकलो. आज पोट त्यावरच आहे. तुमचा पाया तुम्हाला लखलाभ.

जुनं खोड: फ्रेमवर्कवर पोट? अँग्युलर हाही असाच साइट बांधायचा तयार सांगाडा. २०१६ला त्याचं नवं अँग्युलर २ आलं, ते आधीच्याशी जुळेच ना. अख्खा प्रोजेक्ट नव्याने लिहिला. शेवटी क्लायंट विचारतो, "यात नवीन काय दिसतंय?" काय दिसणार, कपाळ!

नलपॉइंटर: झालं, रडगाणं सुरू. जुनं-नवं अँग्युलर शेजारी-शेजारी चालवायला एनजीअपग्रेड होतं की. टप्प्याटप्प्याने हलवता येत होतं. सगळं एकदम उपसायला कुणी सांगितलं होतं?

जुनं खोड: तुम्ही वापरलंय का ते? एकाच पेजवर दोन-दोन अँग्युलर लोड व्हायची. पेजच्या आधी क्लायंटचा फोन यायचा.

अर्धविराम: खोडकाका, विषय काय, चाललंय काय…

जुनं खोड: विषय हाच आहे!

लॉगवाली: 'सहा महिन्यांत कन्सल्टिंग'वर कुणीच बोलत नाहीये. माझ्या पहिल्या क्लायंटला साइट स्लो म्हणून अख्खी नवीन हवी होती. दोन दिवस नुसते लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, वाचले. डेटाबेसमधल्या ऑर्डरच्या टेबलावर ज्या कॉलमने शोध चालायचा, त्यालाच इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, नव्हता. एका ओळीचं काम. नवीन साइट बारगळली, माझं बिलही आटलं! हे ना रिअ‍ॅक्ट शिकवतं, ना तुमचं ते पवित्र बटण.

थेटवाला: बरं, सहा महिने मागे घेतो. आणि अर्धविराम, आत्ताच माझा कोड उघडून बघितला. ऑनक्लिकवाले सतरा डिव्ह निघाले. झालं समाधान?

अर्धविराम: सतराच? नीट शोधा.

जुनं खोड: एनजीअपग्रेडवाले गप्प का झाले?