साधारण सुधारणेसाठी लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर?

चाकोरी:
"लोअरिंग स्प्रिंग म्हणजे निव्वळ दिखावा, कॉइलओव्हर परवडत नसतील तर गाडीला हातच लावू नये," असे काल एका सदस्यांनी लिहिले. (लोअरिंग स्प्रिंग म्हणजे गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंग; कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअॅब्झॉर्बरचा एकत्र संच, ज्याची उंची आटे फिरवून बदलता येते.) ते मला इतके खटकले की सविस्तर उत्तर देणे भाग आहे. ज्याला रोजच्या वापरातली गाडी २५ मिलिमीटर खाली आणायची आहे आणि वळणावरचे कलणे थोडे कमी करायचे आहे, त्याला उंची वारंवार बदलण्याची सोय कशासाठी हवी? बहुतेक जण कॉइलओव्हरची उंची पहिल्या आठवड्यात ठरवतात. पुढे त्या आट्यांना पान्हा लागतच नाही. माझ्या मित्राने दोन वर्षांनी तो लावून पाहिला, तेव्हा चिखलपाण्याने आटे गंजून घट्ट बसले होते.

आटेवाला:
ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. माझ्या पहिल्या गाडीला मी ३५ मिलिमीटर आखूड स्प्रिंग बसवल्या आणि मूळचे शॉकअॅब्झॉर्बर तसेच ठेवले. प्रत्येक खड्ड्यात गाडी बम्प स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळत असे आणि सात महिन्यांत मागचे दोन्ही शॉक गळू लागले. स्प्रिंगचा ताठरपणा ३० टक्के वाढवला, तर गाडीचे डोलणे पूर्वीसारखेच आवरण्यासाठी डॅम्परचा, म्हणजे शॉकअॅब्झॉर्बरचा, जोर सुमारे १४ टक्के वाढावा लागतो, कारण तो ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. मूळचा शॉक तो जोर कुठून आणणार?

चाकोरी:
तुमचे शॉक त्या वेळी किती चालले होते, हे तुम्ही लिहिलेले नाही.

आटेवाला:
८०,००० किलोमीटर. त्याने काय फरक पडतो?

चाकोरी:
सगळाच फरक पडतो. झिजलेल्या शॉकचा दोष तुम्ही स्प्रिंगच्या माथी मारत आहात. खाली आणलेल्या गाडीसाठी आखूड दांड्याचे शॉक मिळतात. बिल्स्टाइन कंपनीचे बी ८ त्यासाठीच आहेत, तर बी ६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आहेत. उलट स्वस्त कॉइलओव्हरमध्ये एकच खटका फिरवला की अनेकदा कॉम्प्रेशन आणि रिबाउंड (शॉक दाबला जातानाचा आणि परत लांबतानाचा अवरोध) दोन्ही एकदम बदलतात. त्याला जुळवाजुळव म्हणणे मला मान्य नाही.

जुना चालक:
तुम्ही दोघेही मूळ दुखण्याला हात घालत नाही. स्प्रिंग बसवा की कॉइलओव्हर, लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे रबरी सांध्याचे, बोल्ट गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळले जातात. त्या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. एका कार्यशाळेने माझ्या गाडीचे असेच केले. वर्षभरात दोन्ही बुश फाटले, आणि मी मात्र तोपर्यंत नव्या स्प्रिंगना दोष देत होतो.

आटेवाला:
इथे विषय स्प्रिंगचा आहे, बुशचा नाही. प्रत्येक चर्चेत तुम्ही तेच पुराण लावता.

जुना चालक:
तेच लावतो, कारण तीच चूक प्रत्येक जण करतो. चाकांवर गाडीचे पूर्ण वजन असताना बोल्ट ढिले करून पुन्हा आवळावेत आणि त्यानंतरच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करावे. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कोन, बिघडलेला राहिला तर टायर फार लवकर खातो. ज्याने हे केलेले नाही, त्याने आपल्या गाडीच्या चालीवरून कुठल्याही किटचा निवाडा देऊ नये.

नवशिका:
म्हणजे माझी गाडी स्प्रिंग बदलल्यापासून लहानसहान खाचांवरही ताठ लागते, ते यामुळे असू शकते का? बोल्ट हवेतच आवळले होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

जुना चालक:
असू शकते. पिळलेले रबर स्वतःच आणखी एका स्प्रिंगसारखे वागते. आधी बोल्ट ढिले करून गाडी तिच्या उंचीवर बसू द्या, मगच पुढचा खर्च ठरवा.

आटेवाला:
बुशबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, एवढे मान्य करतो. नवे, जुळणारे शॉक घेणाऱ्याने २५ मिलिमीटरपर्यंत स्प्रिंग वापरल्या, तर माझी हरकत नाही. पण जुन्या शॉकवर आखूड स्प्रिंग चढवण्याचा सल्ला इथे पुन्हा कुणी दिला, तर मी पुन्हा इतकेच लांब लिहीन.

चाकोरी:
तसा सल्ला मी कधीच दिला नव्हता. तुम्ही २५ मिलिमीटरचा आकडा लिहिलात, तो माझ्या पहिल्याच उत्तरात होता.