आईबाबांचे अमेरिकेतील कर-विवरणपत्र: ‘व्हिटा’च्या स्वयंसेवकांकडून भरून घ्यावे का?

दूरदेशी:
माझे आईबाबा चार वर्षांपूर्वी ग्रीनकार्डावर माझ्याकडे न्यू जर्सीत राहायला आले. दोघांनीही साठी ओलांडली आहे. बाबा एका दुकानात अर्धवेळ काम करतात, त्याचा डब्ल्यू-२ (पगाराचे वार्षिक पत्रक) हाती आला आहे. पुण्यातील बँकेत त्यांच्या काही मुदत ठेवी आहेत. आजवर ज्या परिचितांकडून विवरणपत्र भरून घेत होतो त्यांनी हे काम थांबवले, आणि दुसरीकडे चौकशी केली तर एवढ्याशा कामाचे तीनशे डॉलर सांगण्यात आले. वाचनालयातील फलकावर ‘व्हिटा’चे स्वयंसेवक हेच काम विनामूल्य करतात असे वाचले, पण फुकटच्या कामात चूक झाली तर निस्तरायचे कोणी, या विचाराने मन कचरते. कोणाचा अनुभव आहे का?

आकडेमोड:
मी स्वतः चार हंगामांपासून एका व्हिटा केंद्रावर स्वयंसेवक आहे, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती समजावे. हा कार्यक्रम आयआरएसचा (अमेरिकेच्या कर खात्याचा) असून १९६९ पासूनचा आहे. आम्हाला दरवर्षी परीक्षा द्यावी लागते, आणि एकाने भरलेले विवरणपत्र दुसऱ्या प्रमाणित स्वयंसेवकाने करदात्यासमोर तपासल्याशिवाय पाठवता येत नाही. पैसे घेऊन काम करणाऱ्या किती ठिकाणी अशी दुसरी नजर फिरते, हे आपणच विचारून पाहावे. उत्पन्नाची मर्यादा बदलत असते (२०२५ च्या हंगामात ती साधारण ६७,००० डॉलर होती), आणि ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे त्यांनाही ही सेवा खुली आहे. साठीपुढच्यांसाठी टीसीई हा वेगळा कार्यक्रम आहे. त्याची बहुतेक केंद्रे एएआरपी फाउंडेशन या ज्येष्ठांसाठीच्या संस्थेच्या ‘टॅक्स-एड’तर्फे चालतात. चहापाण्यालाही आम्ही पैसे घेऊ शकत नाही, तेव्हा कृपया पाकीट पुढे करू नये.

फलकावरचे केंद्र गाठण्यापूर्वी एक पाहावे: आमची कक्षा ठरलेली आहे. पगार, व्याज, निवृत्तिवेतन, सोशल सिक्युरिटी एवढे सहज होते. घरभाड्याचे उत्पन्न असेल तर बहुधा परत पाठवले जाईल.

शनिवारची_रांग:
गेल्या वर्षी आम्ही सकाळी सात वाजता रांगेत उभे राहिलो आणि दहा वाजता घरी परतलो, कारण संयुक्त विवरणपत्रावर पती-पत्नी दोघांच्याही सह्या लागतात आणि सासूबाई घरीच होत्या. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो, तेव्हा ओळखपत्र, दोघांची मूळ सोशल सिक्युरिटी कार्डे, डब्ल्यू-२, १०९९ची (व्याज वगैरे इतर उत्पन्नाची) सगळी पत्रके, मागच्या वर्षीचे विवरणपत्र आणि परतावा जमा होण्यासाठी बँकेचे दोन्ही क्रमांक (राउटिंग आणि खाते) असे सगळे एका पिशवीत होते. आधी १३६१४-सी नावाचा प्रश्नांचा अर्ज भरून घेतात. तो घाईत भरू नये, कारण पुढचे सगळे त्यावर बेतलेले असते. भाषेची अडचण असेल तर फोनवरून दुभाषा मिळू शकेल का, हे वेळ ठरवतानाच विचारावे.

तळटीप:
खरा प्रश्न पुण्याच्या ठेवींचा आहे आणि तो मूळ प्रश्नात एका वाक्यात उरकला गेला आहे. ग्रीनकार्डधारकाला जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असले तरी येथे करपात्रच ठरते. भारतीय बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचे असते आणि येथे हिशेब जानेवारी ते डिसेंबरचा लागतो, म्हणून बँकेकडून खातेउतारा मागवून तिमाही व्याजाच्या नोंदी स्वतः जुळवाव्या लागतात. हे काम स्वयंसेवकाच्या टेबलावर बसून होत नाही, घरूनच करून न्यावे. परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार हा परदेशी खात्यांचा अहवालही भरावा लागतो; तो विवरणपत्राचा भाग नाही, फिनसेन या अमेरिकी अर्थखात्याच्या विभागाकडे ऑनलाइन स्वतंत्रपणे जातो. त्याची मुदत १५ एप्रिल, आणि ती न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. बाबांचे भारतात म्युच्युअल फंड आहेत का, हेही विचारावे. असल्यास परदेशी फंडांसाठीच्या अर्ज ८६२१चा प्रश्न येतो आणि तो व्हिटाच्या कक्षेबाहेरचा आहे.

दूरदेशी:
सर्वांचे आभार. काल रात्री बाबांना विचारले, तेव्हा ‘दोनच आहेत, फार जुने’ असे म्हणत त्यांनी कपाटातून फंडांची स्टेटमेंटे काढून दिली. म्हणजे यंदा परदेशी गुंतवणुकीचे काम जाणणारा सीपीएच (परवानाधारक हिशेबनीस) शोधावा लागणार. दरम्यान डिसेंबरपर्यंतच्या खातेउताऱ्यासाठी पुण्याच्या शाखेला आजच ईमेल पाठवली आहे.