मदत हवी आहे: धिंगरीचे बेड हिरवे पडले, आता अळिंबी धरावी की ट्रायकोडर्मा?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास चालू आहे, पण चौघांनाही स्वतःचं काहीतरी उभं करायचंय, आणि तेही पदवी हातात पडायच्या आत. आत्ता प्रयोगशाळा वापरायला मिळते, अडलं तर शिक्षक आहेत आणि एखादी गोष्ट फसली तरी त्यावर कुणाचं घर अवलंबून नाही. असे दिवस पुन्हा मिळणार नाहीत असं मला मनापासून वाटतं.

दोन गोष्टी एकदम सुरू केल्या. एक, ट्रायकोडर्मा (पिकांच्या रोगांवर वापरतात ती हिरवी बुरशी) दाण्यांवर वाढवून त्याची भुकटी करायची. दुसरी, काडावर धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. दोन्हीला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) तोच, माणसं तीच, म्हणून खर्च वाचेल असा हिशेब होता.

धिंगरीचे ४० बेड, म्हणजे काडाच्या भोकं पाडलेल्या पिशव्या, भरले. काड ३ ते ५ सेंमी कापली, रात्रभर भिजवली, ८० अंशाच्या पाण्यात तासभर ठेवली, निथळवली. मुठीत दाबल्यावर थेंब पडत नव्हता, तळवा फक्त ओलसर होत होता. स्पॉन (दाण्यांवर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं) ओल्या काडाच्या ३ टक्के. नवव्या दिवशी एका बेडवर सायीसारखा पांढरा थर दिसला. आम्हाला वाटलं, धिंगरीचेच तंतू धरले! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी गडद हिरवी पूड होती. आठवड्याभरात २६ बेड फेकावे लागले. चौघांनी साठवलेले पैसे त्यात होते, फार वाईट वाटलं.

१. चुकलं कुठे?
२. दोन्हींपैकी कोणतं धरावं?
३. दोन उपाहारगृहं माल घ्यायला तयार आहेत, पण त्यांना दर आठवड्याला हवाय. आमच्या परीक्षा दोन महिन्यांवर आहेत. हे कसं बसवायचं?

प्रतिसाद १

ताई, पहिल्याच खेपेला २६ बेड गेले म्हणजे जिवाला लागणारच. पण बेड फेकण्याआधी बघायला हवे होते. हिरवं नेमकं कुठून सुरू झालं? स्पॉनच्या दाण्यांभोवती असेल तर स्पॉनच खराब होता. काडात सगळीकडे, आतपर्यंत असेल तर उकळणं कमी पडलं. आणि भोकांपाशी, तोंडाच्या गाठीपाशी असेल तर ते हवेतून नाहीतर तुमच्या हातांतून आलंय. उरलेले १४ बेड आत्ता जाऊन बघा. हिरवे निघाले तर खोलीत उघडू नका. वरून दुसरी पिशवी घालून बांधा आणि मग बाहेर न्या.

धागाकर्ती

दादा, लगेच जाऊन पाहिलं. उरलेल्यांपैकी तीन हिरवे होतायत, तिन्हींत भोकांपासूनच. फेकलेल्यांचे फोटो होते, त्यांतही बहुतेकांत गाठीजवळ सुरुवात दिसते. एक गोष्ट आधी लिहायची राहिली. बेड भरले त्या दिवशी सकाळी त्याच टेबलावर आम्ही ट्रायकोडर्माची भुकटी चाळली होती. टेबल पुसून घेतलं होतं.

प्रतिसाद २

मी वनस्पती रोगशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशींना वेढून खातो हे वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवलं. मर आणि मूळकुजीविरुद्ध आपण तो वापरतो त्याचं हेही एक कारण. पण धिंगरीसुद्धा बुरशीच आहे! शेतातला मित्र अळिंबीच्या खोलीत वैरी ठरतो. भुकटी चाळताना त्याचे बीजाणू हवेत उडतात, कपड्यांवर आणि केसांत बसतात. टेबल पुसून ते जात नाहीत. अळिंबीच्या खोल्यांत हिरवी बुरशी एरवीही काडातून येतेच, तेव्हा तुमचीच भुकटी कारणीभूत आहे असं छातीठोक म्हणणार नाही. पण एका टेबलावर ही दोन्ही कामं कधीच करू नयेत. पुढच्या खेपेला दोन बेड स्पॉन न घालता भरून शेजारी ठेवा. तेही हिरवे पडले तर दोष एकट्या स्पॉनचा नाही हे कळेल.

दुसरा प्रश्न. ट्रायकोडर्मा विकायचा म्हणजे बहुतेक देशांत नोंदणी लागते, एका ग्रॅममध्ये किती जिवंत पेशी आहेत ते प्रत्येक खेपेला तपासावं लागतं, आणि गोदामात महिने गेल्यावरही ती संख्या टिकावी लागते. शेतकरी तुमच्या पाकिटावर विसंबून रोप लावणार. ती जबाबदारी शिकता शिकता घेऊ नका. त्याचा अभ्यास जरूर चालू ठेवा, पण वेगळ्या इमारतीत आणि वेगळ्या कपड्यांत. विकायला धिंगरी धरा.

प्रतिसाद ३

विद्यार्थी असतानाच मी हा उद्योग सुरू केला होता, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

एका दिवसात ४० बेड भरायची घाई कशाला? माल एकदम येतो आणि ताजी धिंगरी थंडीत ठेवूनही थोडेच दिवस टिकते. दर आठवड्याला दहा भरा. तंतू पसरायला साधारण १५ ते २० दिवस, मग पहिली तोडणी, पुढच्या तोडण्या आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने. दीड-दोन महिन्यांत बेड संपतो. म्हणजे परीक्षेच्या महिनाभर आधी भरणं थांबवलंत तर परीक्षेत फक्त पाणी आणि तोडणी उरते, त्याला सकाळचा तास पुरतो. उपाहारगृहांना तो खंड आत्ताच सांगा. आधी सांगितलेला खंड लोक समजून घेतात, न सांगता चुकलेला आठवडा नाही.

तोडणी कडा वर वळायच्या आत करा. उशीर झाला की बीजाणू उडतात, बंद खोलीत खोकला आणि दम लागतो. आमच्यातल्या एकीला त्यामुळे काम सोडावं लागलं. मास्क पहिल्या दिवसापासून लावा.

आणि चौघांत कागद करा. कुणी किती घातले, कुणाला नोकरी लागली तर त्याचे पैसे कधी आणि कसे परत द्यायचे. आम्ही केला नव्हता. धंदा बरा चालला होता, मैत्री मात्र तुटली. तो विषय काढायला अवघड वाटतं म्हणूनच आज काढा.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे खूप खूप आभार. आज संध्याकाळी चौघं बसलो. ट्रायकोडर्मा प्रयोगशाळेतच राहील, विकणार नाही. धिंगरीसाठी वेगळी खोली मिळतेय, सोमवारी दहा बेड आणि स्पॉन न घातलेले दोन. कागदाचा मसुदाही लिहायला घेतलाय, नोकरीच्या कलमावर अर्धा तास गेला.

ताई, एक विचारायचं राहिलं: तोडण्या संपल्यावर उरलेल्या काडाचं तुम्ही काय करायचात? खोलीशेजारी ठेवायचं नाही एवढं कळलंय. गांडूळखताला घेणारे कुणी मिळतात का?

प्रतिसाद ३

मिळतात. आम्ही रोपवाटिकेला द्यायचो, ते स्वतः येऊन न्यायचे. फक्त न्यायचा वार ठरवून घ्या, पडून राहिलं की माश्या होतात.