अ‍ॅस्ट्रोसॅट: सिग्नस एक्स-1चा एसएक्सटी आणि लॅक्सपीसी एकत्र फिट बसत नाही

ताळगाव_एमएस्सी
प्रोजेक्टसाठी भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाचा डेटा घेतलाय: सिग्नस एक्स-1, म्हणजे ताऱ्याभोवती फिरणारं कृष्णविवर, हार्ड स्टेटमध्ये (जास्त ऊर्जेचे क्ष-किरण वरचढ असताना). कमी ऊर्जेची क्ष-किरण दुर्बीण एसएक्सटी 0.5 ते 8 केईव्ही (क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक), जास्त ऊर्जेचा झेनॉन वायूचा डिटेक्टर लॅक्सपीसी-20 3 ते 60 केईव्ही. मॉडेल टीबीएब्स (वाटेतल्या वायूचं शोषण), डिस्कबीबी (तापलेली डिस्क), एनथकॉम्प (गरम इलेक्ट्रॉनांनी ऊर्जा वाढवलेला प्रकाश). रिड्यूस्ड काय-स्क्वेअर (चांगल्या फिटला 1च्या आसपास हवा) 2च्या खाली उतरत नाही. 2 केईव्हीजवळ रेसिड्युअलची (डेटा आणि मॉडेलमधल्या फरकाची) दोन टोकं वर येतात, 30च्या पुढे लॅक्सपीसी भरकटतो. पॉवर स्पेक्ट्रमचा (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती चढउतार याच्या आलेखाचा) नॉइजही 2 ऐवजी 1.83वर बसतो. गडबड नेमकी कुठे?

फोंडेकर
2 केईव्हीजवळची टोकं कृष्णविवराची नव्हेत. एसएक्सटीच्या सीसीडीतल्या सिलिकॉनची एज (शोषण एकदम बदलतं ती ऊर्जा) 1.8ला आणि आरशावरच्या सोन्याची 2.2ला येते. गेन (डिटेक्टरच्या चॅनेलवरून ऊर्जा ठरवायचं माप) जरासा सरकला की नेमकं तिथेच बिनसतं. एक्सएसपेक या फिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गेन फिट लावा, स्लोप 1वर बांधा, ऑफसेट तेवढा मोकळा सोडा. तो 0.02-0.04 केईव्हीच्या आसपास यायला हवा. 0.1 आला तर मॉडेल आपली उणीव गेनच्या माथी मारतंय असं समजा. तिथे गॉसियन (घंटेच्या आकाराची रेषा) चिकटवून मोकळं होणं मात्र वाईट खोड.

30च्या पुढचा त्रास झेनॉनचा. त्याची के-एज 34.6 केईव्हीला आहे, आणि फ्लुरोसन्समुळे बॅकग्राउंडमध्येही 30च्या आसपास उंचवटा असतो. एसएक्सटी 0.8-7, लॅक्सपीसी 4-25 ठेवा, 3 टक्के सिस्टिमॅटिक (उपकरणाच्या मापनातली) त्रुटी द्या, दोन्ही उपकरणांमधला फरक भरून काढायला कॉन्स्टंट घाला. मग इलेक्ट्रॉन तापमान ठरवायला डेटाच उरत नाही, म्हणून ते 100 केईव्हीवर गोठवा. तुमच्या मॉडेलमध्ये रिफ्लेक्शनही (डिस्कवरून परतलेले क्ष-किरण) नाही, 6.4ची लोहरेषा कोण घेणार?

आणि जीटीआय (डेटा वापरण्याजोगा असलेले कालखंड) जुळवलेत का? एसएक्सटीचा एक्स्पोजर लॅक्सपीसीपेक्षा बराच कमी भरतो. दोघांचा सामायिक वेळ काढून त्याच वेळेचे स्पेक्ट्रम घ्या, नाहीतर वेगवेगळ्या क्षणांचा स्रोत एकत्र फिट करत बसाल.

दोनापावला_टायमिंग
1.83 बरोबर आहे हो! लॅक्सपीसीचा डेड टाइम (एक फोटॉन नोंदल्यावर डिटेक्टर आंधळा राहतो तो वेळ) सुमारे 42 मायक्रोसेकंद. एका डिटेक्टरला सेकंदाला 1000 काउंट येत असतील तर गुणाकार 0.042, आणि लेही नॉर्मलायझेशनमध्ये (ज्या मापात निव्वळ नॉइज 2 येतो) पॉयसन पातळी, म्हणजे फोटॉन मोजण्यातल्या नॉइजची पातळी, साधारण 2 गुणिले (1 − 0.084), म्हणजे 1.83. तुमचा काउंट रेट तेवढाच आहे का ते पाहा. 2 वजा केलेत तर वरच्या फ्रीक्वेन्सीला पॉवर ऋण येईल.

1 मिलिसेकंदाचे बिन, 65.536 सेकंदांचे तुकडे. मधे खंड असलेला तुकडा सरळ टाकून द्या. 100 हर्ट्झच्या वरच्या सपाट भागावर पातळी फिट करा. या स्रोतात टोकदार क्यूपीओ (जवळजवळ ठरावीक फ्रीक्वेन्सीचे चढउतार) शोधत बसू नका, रुंद लॉरेंट्झियन उंचवटेच मिळतील.

ताळगाव_एमएस्सी
रेट साधारण तेवढाच आहे. गेन ऑफसेट 0.027 आला, काय-स्क्वेअर 1.2. आता डिस्कबीबीच्या नॉर्मवरून (मॉडेलच्या तेजाच्या गुणकावरून) डिस्कची आतली त्रिज्या काढताना अंतर 1.86 किलोपार्सेक घेतलं तर चालेल?

फोंडेकर
नको. ते 2011चं अंतर. 2021च्या रेडिओ मोजणीत ते 2.2 किलोपार्सेक आलं, आणि वस्तुमान 14.8 वरून 21 सूर्यांवर गेलं. किलोमीटरमधली त्रिज्या सुमारे 1.2 पट वाढते. पण ती गुरुत्वीय त्रिज्येत (वस्तुमानाच्या प्रमाणात वाढणारं एकक) मोजाल तर उलट 0.83 पट होते. दोन्ही आकडे एकाच पेपरातले घ्या, एक जुना आणि एक नवा नको. हार्ड स्टेटमध्ये डिस्क थंड असते, 0.8च्या वर तिचं शेपूटच दिसतं. त्यामुळे ही त्रिज्या एनएचवर (वाटेतल्या हायड्रोजनच्या प्रमाणावर) फार हलते; एनएच आणि नॉर्म एकमेकांसोबत किती बदलतात याचा कंटूर काढल्याशिवाय आकडा लिहू नका.

दोनापावला_टायमिंग
एनएचवरून आठवलं, कक्षेची फेज बघितलीत का? फेरा 5.6 दिवसांचा. फेज 0च्या आसपास कृष्णविवराचा जोडीदार महाराक्षसी तारा पुढे असतो आणि त्याच्या वाऱ्यातले गोळे आड येऊन सॉफ्ट बँडमध्ये डिप पडतात. 0.8-2 आणि 2-7 केईव्हीचे लाइटकर्व्ह (वेळेनुसार तेजाचे आलेख) घ्या आणि दुसऱ्याला पहिल्याने भागून हार्डनेस काढा. सॉफ्ट पडून हार्डनेस चढलेला तुकडा कापल्यावरच स्पेक्ट्रम बनवा.